साहेबांची चूक

मुंबई, ता. ९ ऑगस्ट १९३१

तीर्थरूप आप्पांच्या चरणी पुरुषोत्तमाचा साष्टांग नमस्कार.

प्रकृती ठीक आहे. जेवणाची आबाळ नाही. नोकरी कायम झाली. कशी झाली, ते केवळ आपणांस लिहितो.

साहेबांच्या मसुद्यात बोटीची तारीख चुकली होती. मी निर्दोष इंग्रजीत चिठ्ठी पाठविली : ‘आपण लिहिलेली तारीख चुकीची आहे. दुरुस्त करावी.’ साहेब संतापले आणि माझ्या नेमणुकीचा कागद त्यांनी अडवून ठेवला.

हेडक्लार्क फर्नांडिस हसून म्हणाले, “अहो पंतोजी, इंग्रजी चोख आहे, पण चिठ्ठी वाचून साहेबाला छडी खाल्ल्यासारखं वाटतं! चूक दाखवू नका, शंका विचारा.”

पुढच्या आठवड्यात साहेब पुन्हा चुकले. मी लिहिले, ‘कदाचित माझ्याच वाचण्यात चूक होत असेल, कृपया एकवार पाहाल काय?’ माझ्या वाचण्यात चूक नव्हती. साहेबांनी आभार मानले आणि त्याच दिवशी कागदावर सही केली.

आपला खोकला कसा आहे? आईला नोकरीचे तेवढे सांगावे.

चुकीला चूक म्हणावे, हे पालीच्या शाळेत आपणच मला शिकविलेत. यात माझे चुकले असे वाटल्यास स्पष्ट लिहावे. आपल्याकडून मला गोड भाषा नको.

आपला आज्ञाधारक,
पुरुषोत्तम