माझ्या पाठीचा पुरावा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी १०.४०. जुनी हुबळी.
पाठीखाली उशी घेऊन पडलो आहे. पडून लिहितो म्हणून अक्षर तिरपं, एरवी असं नसतं.
अळणावरला भीमरावकाकांच्या लाकूड अड्ड्यावर सहा दिवस ओंडके ढकलले, त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून पाठ दुखते. अप्पा म्हणतात, पाठ नाही रे दुखत, काम दुखतं तुला. महिनाअखेर डॉक्टरचा कागद दाखव, नाहीतर पुन्हा अळणावर.
कागद म्हणजे एमआरआय. साडेसात हजार.

५ फेब्रुवारी. दुपारी ४.
मामेभाऊ महेश इस्पितळात वॉर्डबॉय आहे. तो म्हणाला, तिथं मेंदू आणि मणक्याच्या स्कॅनवर रिसर्च चाललाय. एमआरआय फुकट, वर प्रवासभत्ता पाचशे. अट एकच, माणूस निरोगी पाहिजे; आजाऱ्यांच्या स्कॅनशी ताडून बघायला. तुझ्यासारखा धडधाकट त्यांना कुठं मिळायचा की, असंही म्हणाला.
निरोगी म्हणून आत जायचं, आजारी म्हणून बाहेर यायचं. योजनेत खोट दिसत नाही. दोनदा तपासली.

७ फेब्रुवारी.
रिसर्चचं काम योगिता मॅडम बघतात. विचारलं, पाठदुखी कधी? म्हटलं, जन्मात नाही. वाकून जमिनीला बोटं टेकवायला सांगितलं. टेकवली. वेदना गिळली. (बहुधा. नीट आठवत नाही.)
कन्नड संमतीपत्रात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त करून सही केली. प्रत मागून घेतली, फाईलला लावली.

११ फेब्रुवारी.
यंत्रात चाळीस मिनिटं. कानात खडखडाट. मॅडम म्हणाल्या, इतकं न हलता कुणी पडत नाही. मनात म्हटलं, चौदा महिन्यांचा सराव आहे.
रिपोर्ट देत नाहीत. काही गंभीर दिसलं तरच फोन करतात.

१८ फेब्रुवारी.
फोन नाही. म्हणजे प्रकरण फोनवर सांगण्यासारखं नाही. बेंगळुरूला पाठवलं असणार. अप्पांना तसं सांगितलं. अप्पा म्हणाले, बरं.

२१ फेब्रुवारी.
शेवटी स्वतःच गेलो. सगळं नॉर्मल. मॅडम म्हणाल्या, इतका सुंदर कणा क्वचित दिसतो, शिकवायला वापरणार आहोत, नाव काढून. म्हटलं, खाली डावीकडे एकदा नीट बघा. त्यांनी विचारलं, दुखतं का तिथं? सही आठवली. नाही म्हटलं.
जिला चौदा महिने उशी दिली, मलम दिलं, ती पाठ ऐन साक्षीच्या वेळी फितूर झाली.

२३ फेब्रुवारी, रविवार.
महेश जेवायला आला. अप्पांनी मला रिपोर्टचं विचारलं. म्हटलं, गुंतागुंतीचं आहे. महेश भाकरी मोडत म्हणाला, कसली गुंतागुंत अप्पा, याचा कणा एक नंबर, मॅडम पोरांना दाखवतात. वाट यानंच दाखवली होती.
म्हटलं, माझ्याकडे कागद आहेत. हे मीच म्हटलं. अप्पांनी चष्मा लावला, फाईल उघडली आणि मोठ्यानं वाचलं: मला आजवर कधीही पाठदुखी झालेली नाही. खाली माझी सही, तारीख, वेळसुद्धा.
आई वाढता वाढता थांबली. महेश ठसका लागेपर्यंत हसला. अप्पा रागावले नाहीत. म्हणाले, अक्षर चांगलं आहे रे, अड्ड्याची हिशेबाची वही तुला द्यायला भीमरावाला सांगतो.
रागावायला हवं होतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७. अळणावर.
काकांनी हिशेबाची वही अजून हातात दिलेली नाही. ओंडके १९. पाठ दुखली नाही. कुणाला सांगितलं नाही.
खर्च: बस ९०, झेरॉक्स १२, फाईल ४०, मलम १६०. एकूण ३०२.
येणे: प्रवासभत्ता ५००, महेशकडे जपायला दिलेला. फोन उचलत नाही.
देणे: अप्पांना, चौदा महिन्यांचं जेवण. आकडा त्यांनी सांगितला नाही. मी विचारला नाही.