पहिली दाढी कुणाची

कोल्हापूर, ३ जून २०२५

ती. आण्णांना, शि. सा. न. वि. वि.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. पुरुषांचं सलून मुलीनं काढायचं नाही, हे तुमचं म्हणणं आईनं तुमच्याच आवाजात ऐकवलं. सलून मी काढतेय. गिऱ्हाइकांना दर वेळी नवं ब्लेड, पण घरची रीत मोडणार नाही: नव्या दुकानातली पहिली दाढी घरातल्या वडीलधाऱ्याची, तीही जुन्या, अखंड पात्याच्या वस्तऱ्यानं. तुमचा वस्तरा तुम्ही कुलपात घातलात. असू दे. इथे एक जुना विलायती, दुरुस्त केलेला विकायला आहे. खुर्चीत तुम्हीच बसायचं.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
संयोगिता


गडहिंग्लज, ९ जून

चि. संयोगितास रागासकट आशीर्वाद.

मी येणार न्हाय म्हणजे न्हाय. आणि दुरुस्त केलेला वस्तरा? अगं, यंत्रावर घासून आरसा केला की गंज दिसत नाही, पण पातं तापून मऊ पडलेलं असतं. चकाकीला भुलशील आणि हसं करून घेशील. आई बरी आहे, तुझ्याच बाजूनं भांडते.

तुझे,
आण्णा


कोल्हापूर, १७ जून

ती. आण्णांना, शि. सा. न. वि. वि.

दुकानदारानं आधी तुम्ही म्हणता तसला, आरसा केलेला वस्तराच पुढे केला. कारखान्याचं नाव अर्धं पुसलेलं, पात्याची पाठ घासून सपाट. मी परत दिला. तो म्हणाला, बाईमाणसाला यातलं काय कळतंय. मीही मोठ्यानं सांगितलं, मी आण्णांची पोरगी हाय, सगळं कळतंय की. मग काळपट डागांचा घेतला. डाग पाठीकडे आहेत, धारेजवळ एकही नाही. भिंगातून पाहिलं, कुठे तडा नाही. मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसतं.

पण पातं मऊ आहे का, ते गालावरच कळतं. मुलगा म्हणून हे तुम्ही धवलदादाला शिकवत होतात. मला कुणी शिकवलं नाही, मी शेजारी उभी राहून शिकले.

६ जुलैला, रविवारी, दुकान उघडणारच. तुम्ही आला नाहीत तर त्या खुर्चीत मी बसेन आणि माझ्याच गालावर वस्तरा चालवेन.

लोभ आहेच, हट्टही.

संयोगिता


गडहिंग्लज, २३ जून

चि. संयोगितास आशीर्वाद.

स्वतःच्या गालाला वस्तरा लावलास तर याद राख. आदल्या दिवशी, शनिवारच्या एसटीनं येतोय. तुझं दुकान मला अजिबात मान्य नाही. खुर्चीत बसल्यावर तोंडाला फेस असेल, बोलता येणार नाही, म्हणून आताच लिहून ठेवतो.

आण्णा