कांदे कोणी चिरायचे?

भोपाळ, कोटरा सुल्तानाबाद

तीर्थरूप वैजयंतीआत्या,

आधी तुझ्या गुडघ्यांना आणि मग तुला नमस्कार. ग्वाल्हेरच्या थंडीत ते कसे आहेत ते कळव, आणि 'बरे आहेत' असं मोघम लिहू नकोस.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते, नाहीतर पुढचं लिहवणार नाही. 'पोथी'तली माझी दुरुस्ती स्वीकारली गेली, असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं ठरलं. स्वीकारली ती माझी दुसरी, बिनमहत्त्वाची सुधारणा: काल वाचलेलं पान आज आपोआप उघडतं, ती. (तिचं सगळ्यांनी कौतुक केलं. पान शोधायचे कष्ट वाचले की माणसं फार लवकर खूश होतात.) खरी दुरुस्ती मात्र 'किरकोळ' असा शेरा मारून बंद केली. बंद म्हणजे झाली, असं मी समजले. तू घरी मला जी मराठी शिकवलीस तिच्यात बंदचा असा अर्थ नव्हता, पण घाई माझीच.

'पोथी' म्हणजे संगणकावर कागदपत्रं उघडून वाचायचा प्रोग्राम. तो कोणाच्या मालकीचा नाही. कोणीही त्यातले दोष काढावेत, पगार मागू नये. मंडीदीपहून कंपनीच्या बसने परत आले की मी तेच करते. (आईच्या मते याला छंद म्हणत नाहीत, खाज म्हणतात.) दोष असा, की शोधताना किंवा मजकूर उचलताना 'पोथी' आपल्या ऱ खालचं टिंब गाळून टाकते. मग आचाऱ्यातला आडवा र उठून रफार होतो, आणि स्वयंपाक करणारा आचारी उभ्या उभ्या आचार्य होतो! हे किरकोळ?

आपल्या वास्तुशांतीला काय झालं ते तुला बाबांनी अर्धंच सांगितलंय. तू आचार्यांसाठी (म्हणजे गुरुजींसाठी) आणि आचाऱ्यांसाठी एकत्र पाठवलेल्या सूचना बाबांनी 'पोथी'त उघडल्या, 'आचार्य' शोधलं, आणि जेवढ्या ओळी मिळाल्या तेवढ्या उचलून गुरुजींना पाठवून दिल्या. गुरुजी उज्जैनचे, कडक. त्यांना संदेश गेला की आचार्यांनी कांदे आदल्या दिवशीच चिरून ठेवावेत आणि तंबाखू खाऊन चुलीजवळ येऊ नये. लगेच फोन. "आमच्या घराण्यात कांदा शिवत नाहीत, आणि तुम्ही चिरायला सांगता?" बाबा माफी मागत होते तोच गुरुजींचा आवाज एकदम खाली आला. "आणि तंबाखूचं तुम्हाला कोणी सांगितलं?" पूजा झाली, पण सगळे मंत्र आमच्यावर ओरडल्यासारखे म्हटले गेले.

आणि दुरुस्ती बंद करणारा कोण? परदेशातला असता तर मी समजून घेतलं असतं. भारतीय लिप्यांचं काम बघतो तो अजिंक्य कऱ्हाडे, इथे भोपाळातच सोनागिरीत राहणारा, नागपूरच्या घरातला, आईशी मराठीत भांडणारा! मी फोन केला तर म्हणतो, "संपदा, यार, एका टिंबासाठी इतका बवाल? मतलब तो समझ आ गया ना?" मी म्हटलं, "अरे, तुझं स्वतःचं आडनाव 'पोथी'त कर्हाडे होतं." तर म्हणे, "आमच्या दारावरच्या पाटीवर पण तसंच आहे. पोस्टमन येतोच की!" यावर मी फोन ठेवला. (आधी 'ठेवते' म्हटलं. उद्धटपणा नको.)

बाकी सर्व ठीक. आईबाबांचा तुला नमस्कार.

तुझी,
संपदा

ता. क. अजिंक्यने शेवटी एक वाट ठेवली आहे. या टिंबापायी खरोखर कोणाचं काही बिघडल्याचं एक उदाहरण पुराव्यासह दिलं, तर तो दुरुस्ती पुन्हा उघडेल आणि नव्या आवृत्तीत घेईल. मी वास्तुशांतीची हकिगत लिहिली आणि सोबत तुझ्या सूचना जोडल्या. आता त्या जगात कोणालाही दिसतात. तुला विचारायला हवं होतं.

आणखी एक ता. क. मूळ पत्र लिहिलं ते खरं तर हे लिहायचं टाळायला. खात्री करावी म्हणून तुझ्या सूचना मी दुसऱ्या एका प्रोग्राममध्ये उघडून बघितल्या. तंबाखूच्या ओळीत तू आडवा र अगदी बरोबर लिहिला आहेस. तिथे गुन्हेगार 'पोथी'च. पण कांद्याच्या ओळीत, आत्या, मुळातच 'आचार्यांनी' आहे. (मोबाईलच्या हिंदी कळफलकावर तो र पटकन सापडत नाही, मला ठाऊक आहे. कोणाच्याही हातून होईल.) म्हणजे तंबाखू 'पोथी'ची, पण कांदे तुझे. अजिंक्यने ते अजून पाहिलेलं नाही. त्याने आधी पाहिलं तर तंबाखूवरही कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून मलाच सांगायला हवं. तुझी हरकत नाही, एवढं कळव. 'आत्या' असं लिहिणार नाही, 'एका वडीलधाऱ्या नातेवाइकांकडून' असं लिहीन. रागावलीस तरी रागावल्याचं कळव, पण रविवारपर्यंत. सोमवारी, सतरा तारखेला, बस पकडण्याआधी मी ते सगळ्यांसमोर लिहिणार आहे.