आठ मिनिटांचा थांबा

८ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

इकडे सगळं क्षेम, तिकडेही असेल. पत्राची सुरुवात अशी करायची असते असं बाबांनी शिकवलंय, म्हणून केली. फोन तू उचलत नाहीस. चारदा केला, चारही वेळा वाजून वाजून गप्प झाला. तेव्हा दुकानातला जुना लेटरहेडचा गठ्ठा काढला. वरच्या चष्म्याच्या चित्राकडे दुर्लक्ष कर.

बातमी अशी की मी आणि आई सहलीला चाललोय. हसू नकोस! आपल्या घरात गाडीत बसायचं ते कुणाच्या लग्नाला, नाहीतर मयताला. नुसतं काहीतरी बघायला म्हणून कुणी उंबरा ओलांडलाय असं मला तरी आठवत नाही. बाबा म्हणायचे, जग बघायचंय त्यांना आपण चष्मे देतो, आपण कशाला जायचं? तर आता जायचं ठरलंय. एक मार्चला सकाळी सहा चाळीसच्या गाडीने समुद्रावर. तीन रात्री राहायचं आणि परत.

शेजारच्या घड्याळवाल्याला सांगितलं, तर म्हणाला, "चार दिवस दुकान बंद? दिवाळं निघालं की लग्न ठरलं?" म्हटलं, बावन्नाव्या वर्षी दोन्ही एकच. दुकानाच्या दारावर लावायला पाटी लिहिली. आधी 'सहलीला गेलो आहे' असं लिहिलं, मग लाज वाटली आणि खोडून 'कामानिमित्त बंद' केलं.

तयारी जोरात आहे. समुद्रासमोरचं एक लॉज मिळालंय. तिथल्या मॅनेजरला मी तीनदा फोन केला. समुद्र समोर म्हणजे अगदी नाकासमोर ना, मान वळवावी लागणार नाही ना, खोली तळमजल्यावर आहे ना, दारात पायऱ्या किती. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बरोबर कुणी पेशंट आहे का?" म्हटलं, पेशंट नाही, आई आहे.

आईने स्वेटर, औषधं आणि सुईदोरा एवढं आत्ताच पिशवीत भरून ठेवलंय. सुईदोरा कशाला, विचारलं तर म्हणाली, "परक्या गावात बटण तुटलं तर काय बोंबलत हिंडणार?" तोंड अजून तसंच चालतं तिचं. तब्येत बरी आहे. डोळ्यांचं जरा आहे, पण वयच तसं झालं.

आता मुद्दा. ही गाडी तुझ्या गावाला अकरा वाजून पाच मिनिटांनी येते आणि आठ मिनिटं थांबते. तू तिथे चढलीस तर सोन्याहून पिवळं. तिघं जाऊ. तुझं तिकीट मी काढून ठेवतो, नाही आलीस तरी चालेल. नाहीतर निदान फलाटावर ये. डबा चौथा, खिडकीची जागा. दोन वर्षं झाली, भिंगरी. आता पुरे.

तुझा,
दादा

१७ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. 'आईला काय झालंय ते सरळ लिही. नाहीतर लिहू नकोस.' लॉजच्या पायऱ्या मोजणारा भाऊ तू लगेच ओळखलास. पहिल्यापासून तू हुशार आणि मी नुसता मोठा.

सरळ लिहितो. आईला काचबिंदू आहे. उजवा डोळा पूर्ण गेलाय. डाव्यात मधोमध थोडं उरलंय. कागदाची सुरळी करून डोळ्याला लावली की जेवढं दिसेल, तेवढंच. सुरळीच्या आत लख्ख दिसतं, बाहेर काही नाही. जानेवारीत जिन्यावरून पडली, गुडघा फुटला, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सच्या लक्षात आलं. माझ्या नाही. तिथून मोठ्या नेत्ररुग्णालयात नेलं. डॉक्टरीणबाई भली होती. फार बोलली नाही. थेंब दिले. म्हणाली, गेलेलं परत येत नाही आणि आता ऑपरेशनचाही उपयोग नाही. उरलेलं किती दिवस टिकेल विचारलं, तर म्हणाली, "सांगता येत नाही. काही दाखवायचं असेल तर लवकर दाखवा." बाहेर येऊन आईला विचारलं, काय बघायचंय तुला? समुद्र म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, ती गाडी पोरीच्या गावावरून जाते ना? तेव्हा समुद्र कशासाठी ते तुला कळलंच असेल.

तू म्हणशील, तीस वर्षं डोळ्यांच्या दुकानात बसलेला माणूस काय करत होता? सांगतो. गेल्या वर्षात मी आईच्या काचा तीनदा बदलल्या. ती म्हणायची अंधुक वाटतं, मी तिला खुर्चीत बसवायचो, एक डोळा झाकायचो आणि समोरचा तक्ता वाचायला लावायचो. घडाघडा वाचायची. अगदी खालच्या ओळीपर्यंत! दोन्ही डोळ्यांनी! मी खूष. म्हणायचो, बघ, या वयात काय नजर आहे. अगं, तो तक्ता ती दर शनिवारी पुसते. बाबांच्या वेळेपासून. तिला तो तोंडपाठ आहे. मलाही आहे, तुलाही आहे, लहानपणी पाढ्यांसारखा म्हणायचो आपण. आणि मला गाढवाला एकदाही वाटलं नाही की आपण हिची नजर नाही, पाठांतर तपासतोय. परवा तिला विचारलं, तू असं का केलंस? म्हणाली, "तू एवढ्या हौसेने काचा घासून आणायचास. ही पण नीट नाही असं कितीदा सांगायचं? तुझ्या दुकानात बसून तुलाच नापास करू?"

तू मात्र बघितलं होतंस. तुला ते दोन वर्षांपूर्वीच दिसलं होतं. कपाच्या बाजूला चहा ओतला तिने, आणि तू म्हणालीस हिला डॉक्टरकडे ने. मी काय म्हणालो ते तुलाही पाठ असेल. दुकान मी चालवतो का तू? आई माझ्या बाजूने बोलली आणि तू पिशवी उचलून गेलीस.

इथे पत्र संपवून पाकीट चिकटवलं होतं. आता परत फोडलंय. कारण खरं ते लिहिलंच नव्हतं.

तू गेल्यावर चार महिन्यांनी तुझं पत्र आलं होतं. आईच्या नावाने. आत तुझ्या गावच्या रुग्णालयातली वेळ घेतल्याची चिठ्ठी होती, तारीख, नंबर, सगळं. 'मी दारातच उभी असेन, तू फक्त गाडीत बस,' असं लिहिलं होतंस. आईच्या नावाचं पत्र मी फोडलं, कारण मीच तिला वाचून दाखवायचो. पहिलं पान वाचून मी तिला हाक मारणार होतो. खरंच मारणार होतो. मग खाली ते वाक्य आलं. 'दादाला चष्म्याचा नंबर कळतो, डोळा कळत नाही.'

मी पत्र घडी करून चष्म्यांच्या तुटक्या काड्यांच्या खणात टाकलं. आईने विचारलं, कुणाचं रे? मी म्हटलं, काचेच्या कारखान्याचं.

एवढंच. त्या तारखेला तू तिथे किती वेळ उभी राहिलीस हे मला माहीत नाही. आई आली नाही, तिने कळवलंही नाही, म्हणून तू तिच्यावर रुसलीस. आणि इकडे आईला वाटतंय, पोरीने साधी चौकशीसुद्धा केली नाही. दोघींच्या मध्ये मी बसलोय. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, दीड वर्ष आधी आणलं असतं तर बराच डोळा वाचला असता. मी मनात महिने मोजले. तुझी चिठ्ठी बरोबर त्याच सुमाराची.

आईला हे अजून सांगितलेलं नाही. माझी हिंमत होत नाही.

माझ्यासाठी येऊ नकोस. माझं तोंड बघू नकोस. पण एक तारखेला अकरा वाजता ये. फलाटावर उभी राहून हात हलवू नकोस, ते तिला दिसणार नाही. डब्यात चढ, तिच्या अगदी समोर, दोन हातांवर बस, आणि हलू नकोस. खिडकी पाठीशी घेऊ नकोस, चेहरा काळा दिसतो. उजेड तुझ्या तोंडावर पडू दे. ती तुला तुकड्या-तुकड्याने बघेल, आधी डोळे, मग नाक, मग हनुवटी. वेळ लागेल. आठ मिनिटं पुरतील, मी घड्याळ लावून दुकानात करून बघितलंय.

दादा

३ मार्च, समुद्रावरून

भिंगरी,

तू आलीस. आधी तेवढंच लिहितो.

काय झालं ते परवा डब्यात बोलता आलं नाही. तू चढलीस तेव्हा मी सांगितलेल्या जागी, सांगितलं तशी, उजेडात तोंड धरून बसलीस, आणि आईने हात पुढे करून चाचपायला सुरुवात केली. तेव्हाच तुला कळलं असणार. चोवीस तारखेला सकाळी दहा वाजता, पडदे सगळे उघडे, आणि आई मला म्हणाली, "अरे, दिवा लाव ना." मी बटण दाबलं. काय करणार? म्हणाली, "लावलास का?" म्हटलं, हो. रुग्णालयात नेलं, थेंब बदलले, उपयोग झाला नाही. तुला कळवायला हवं होतं. फोन हातात घेतला होता. कळवलं आणि तू आली नाहीस तर, या भीतीने ठेवून दिला. म्हणजे पुन्हा तेच केलं मी. दोनदा ठेच लागूनही शहाणा झालो नाही.

सहल रद्द करू म्हणालो. आई म्हणाली, "का? तुला दिसतंय ना?"

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिला सगळं सांगितलं. खण, पत्र, तारीख. मला वाटलं रडेल, शिव्या देईल, निदान हात तरी उगारेल. म्हणाली, "ते पत्र आहे का अजून? आण. वाच." मी वाचलं. त्या वाक्याशी थांबलो, तर म्हणाली, "पुढे? तिने काहीतरी लिहिलं असणार, त्याशिवाय तू लपवायचा नाहीस." वाचलं तेही. स्वतःच्या तोंडाने. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खरंय तिचं." मग उद्या किती वाजता उठायचं ते विचारलं. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. जेवण, पायरी, बाथरूम. मी तक्रार करत नाही.

काल सकाळी तिला समोरच्या बाकावर नेऊन बसवलं. म्हणाली, सांग, काय काय आहे. म्हटलं, पाणी आहे. "ते ऐकू येतंय. रंग कसा आहे?" म्हटलं, निळा. मग नीट बघितलं तर निळा नव्हताच, राखाडी होता, किनाऱ्याशी मातकट. तसं सांगितलं. लांब एक होडी होती, एक बाई कुत्र्याला पळवत होती, सगळं सांगत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मी एवढा वेळ बघितली असेन. ती मान डोलवत होती.

मग म्हणाली, "आता पोरीचं सांग. कशी दिसते?"

भिंगरी, मला सांगता येईना.

मी तुझ्याकडे बघितलंच नाही. आठ मिनिटं तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतीस आणि मी मान वर केली नाही. तुझ्या चपला बघितल्या. एकीचा बंद शिवलेला होता. आई तुझ्या तोंडावरून हात फिरवत होती, तू काहीतरी हळू बोलत होतीस, तेव्हा मी बाकाखालची पिशवी उगाचच बांधत होतो, सोडत होतो. गाडी हलली, तू उतरलीस, मी खिडकीतून डोकावलो तर पाठ दिसली, तीही गर्दीत.

आईला म्हटलं, तशीच आहे, पूर्वीसारखी.

आईने माझा हात झटकला. म्हणाली, "पुन्हा खोटं! गालांची हाडं लागली माझ्या हाताला. केस एवढेसे आहेत, पोरासारखे. मानेशी पट्टी होती चिकटवलेली, बोट लागलं तर तिने मागे घेतली मान. काय झालंय तिला? मी विचारलं तर म्हणाली, काही नाही आई, दादाला विचार, त्याला दिसतंय ना मी कशी आहे ते. म्हणून तुला विचारतेय."

आई आत्ता खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलीये. तिला झोप लागलेली नाही, मला माहीत आहे.

उद्या दुपारची परतीची गाडी दोन पन्नासला तुझ्या गावाला येते. तीही आठ मिनिटं थांबते. पण मी तुला फलाटावर बोलावत नाही. आम्हीच उतरतोय. हे पत्र आज लॉजच्या माणसाबरोबर टपालात टाकतोय, ते बहुधा आमच्यामागून पोचेल. तुझा पत्ता माझ्याकडे तुझ्या त्या पत्रावरचाच आहे. तिथे विचारत येऊ. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. उघडलंस तर आईला आत घे. मला उंबऱ्यावर ठेवलंस तरी चालेल, पण तुझ्याकडे बघू दे. मग तू कशी आहेस ते मी आईला खरं सांगेन. ते कितीही वाईट असलं तरी.

तुझा अपराधी,
दादा