मामांची मान आणि पिंपातली घंटी

मलांगदादा,

तुझ्या घरात शांतता नांदो. तू बरा आहेस ना? वहिनी? बाळाचा खोकला? सेरेकुंड्याचा उकाडा, तुझा तो रागीट मुकादम, शेजारणीचा अवेळी आरवणारा कोंबडा, सगळे आहेत ना जागच्या जागी? इथे आम्ही सगळे आहोत. आई आहे, तिचा गुडघा आहे, शेळ्या आहेत. सगळ्यांनी तुझी आठवण काढली आहे (शेळ्यांनी नाही).

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मताची गोटी कुठल्या उमेदवाराच्या पिंपात पडली हे आन्सूमामांना नुसत्या घंटीच्या आवाजावरून कळतं. ते चूक आहे. 'असं म्हणतात' एवढे दोन शब्द मी गाळले, आणि त्या दोन शब्दांपायी मला तीन रात्री झोप नाही.

आता खरं काय ते सविस्तर लिहिते. मतदानाच्या दिवशी मामा कुठे बसतात ते तुला माहीतच आहे: हद्दीच्या खुणेपलीकडे, आंब्याखाली, शेगडीवर अत्ताया चहाची किटली ठेवून. आत आडोशामागे कुणी आपल्या उमेदवाराच्या रंगाच्या पिंपात गोटी टाकली की आतली घंटी टिण् करते, आणि बाहेर मामा एकतर संथपणे मान डोलवतात, नाहीतर चुकचुकतात. रांगेतले सगळे उमेदवारांचे फोटो सोडून मामांची मान पाहतात. बियाणं कुणाला आधी, बांधाचा निवाडा कुणाच्या बाजूने, हे सगळं त्या मानेवर ठरतं अशी लोकांची समजूत आहे. म्हणून ते परिषदेवर तीनदा निवडून आले. पण दादा, तिन्ही वेळा पक्ष वेगळा होता! आधी तपकिरी पिंप, मग आकाशी, मग पिवळं, आणि यंदाही पिवळंच. माणूस नव्या पक्षात एका रात्रीत जातो हे मी समजू शकते, पण कानाला नवं पिंप एका रात्रीत कसं ओळखू येतं? आईला विचारलं तर म्हणाली, "जास्त शिकलं की असले प्रश्न पडतात." (शिकवलं कुणी? मामांनीच. त्यांच्याच अंगणात, लाकडी पाटीवर, अक्षर चुकलं की पाटी धुवून पुन्हा.)

मागच्या आठवड्यात मतदान समजावून सांगणारी मंडळी दोन नमुन्याची पिंपं घेऊन बायकांच्या भाजीमळ्यात आली आणि प्रात्यक्षिकाला मला उभं केलं. मला संधीच मिळाली. मी बायकांना पाठमोरं बसवलं आणि गोट्या टाकून ओळखायला सांगितलं. कुणालाच येईना. एकच गोटी दोघींना दोन पिंपांत ऐकू आली. मी म्हटलं, "बघा, आवाज सारखाच आहे." तर सिरेमावशी म्हणाली, "तुझ्यामाझ्या कानाला, बाई. मामांचा कान वेगळा."

मळ्यातला पंप दोन उन्हाळे मोडलेला आहे. बायका दोराने पाणी ओढतात, सिरेमावशीचे तळवे तर पाहवत नाहीत. मनातून सगळ्यांना मामांविरुद्ध उभी राहिलेली तेनिंग सार हवी आहे. (तीच, बोंगा मासे विकणारी. ती सेरेर जमातीची, आपण जोला, म्हणजे दोन जमातींचं पिढीजात थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायची मुभा.) एकजण कुजबुजली, "पण आपल्याच गुलामाला मत द्यायचं?" मावशी म्हणाली, "गुलाम आहे म्हणूनच द्यायचं. मालक निवडून पाहिला, पंप हलला का?" तेनिंग तिथेच टोपली घेऊन उभी होती. म्हणाली, "तुम्ही जोला भात खाऊन झोपता, पंप काय स्वप्नात हलणार?" सगळ्या हसल्या. मग सगळ्यांना मामांची मान आठवली आणि सगळ्या पुन्हा दोर ओढायला वळल्या.

पिंपं मुक्कामाला मामांच्या अंगणात ठेवली. मामी शेंगदाण्याचा दोमोदा ढवळत होती. मी मामांना म्हटलं, पाठ करून बसा आणि ओळखा. (मोठ्यांदाच म्हणावं लागलं. मला वाटलं, मामीच्या पळीच्या आवाजामुळे.) ते बसले. मी घाईत टाकलेली गोटी पिंपाच्या नळीत न जाता चटईवर पडली आणि घरंगळत कोंबड्यांत गेली. घंटी वाजलीच नाही. आणि मामांनी संथपणे मान डोलवली. म्हणाले, "पिवळं. माझंच."

मी मामीकडे पाहिलं. ती ढवळतच राहिली. म्हणाली, "उजवा कान कधीच गेलाय. डाव्यात जवळ जाऊन ओरडलं तर पोचतं. तू काय समजलीस, एवढी वर्षं मी गोड बोलते म्हणून संसार टिकला?"

तेव्हापासून मला जेवण जात नाही. बायकांना हे सांगावं, तर ज्या माणसाने मला पहिलं अक्षर दिलं त्याचं हसं होणार. न सांगावं, तर सगळ्या एका बहिऱ्या मानेला भिऊन गोटी टाकणार आणि पंप तसाच. मला मामा फार आवडतात. मला ते पुन्हा निवडून यायला नको आहेत. ही दोन वाक्यं एकाच मनात कशी राहतात, याचं मला राहून राहून कुतूहल वाटतं. तुझंही असं होतं का?

सगळ्यांना नमस्कार, बाळाला पापा.

तुझी
जाबू

ता. क. रविवारपासून आठवडाभर मी तुमच्याकडे राहिले तर चालेल का? वहिनीला विचारून कळव. चटई मी आणीन.

ता. क. २. हे पत्र घडी करत होते तेवढ्यात मामा आले. अंगणातल्या त्या गोटीचं त्यांनी काही काढलं नाही. फक्त म्हणाले, "जाबू, गोटी टाकून आलीस की आंब्याखाली ये आणि कुणाला टाकलीस ते मला सांग. तू खोटं बोलत नाहीस." मी हो म्हटलं. ते निघून गेल्यावर लक्षात आलं की हळू सांगितलं तर त्यांना ऐकू येणार नाही, आणि पलीकडे सगळी रांग उभी असेल. हद्दीच्या खुणेबाहेर आपल्या मामांच्या कानात ओरडणं हा प्रचार धरतात का, हे तिथल्या कुणालातरी विचारून ठेव. नाही कळलं तरी मी दिलेला शब्द मोडणार नाही. मतदान शनिवारी आहे, सतरा तारखेला. मी तेनिंगला गोटी टाकीन, बाहेर येईन आणि मामांच्या डाव्या बाजूला बसेन.