भीमाची हनुवटी

संगमनेर,
ता. १६ मार्च १९७१

चि. गोरक्ष यास,
अ. उ. आ. वि. वि.

निवडणुकीची ड्यूटी आटोपून मी शुक्रवारी घरी परतलो. घरात पाय ठेवला तर तुझ्या आईने चहाच्या आधी माशाची बातमी दिली. तू संक्रांतीला येताना काचेच्या पेटीतून जे दोन जीव आणलेस, त्यांतली फिकट मादी, जिला ही आपल्या माहेरच्या नदीवरून भीमा म्हणते, तिने गुरुवारपासून अन्न सोडले आहे. शेजारच्या मेरीबाईंच्या रांजणातल्या डासांच्या अळ्या टाकून पाहिल्या, कणकेच्या गोळ्या टाकल्या. तोंड म्हणून उघडत नाही. हनुवटीखाली हरभऱ्याएवढी गाठ आली आहे. निळा नर तिच्या फार मागे लागत होता, म्हणून आईने त्याला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत वेगळा ठेवला आहे. तिथून तो माझ्याकडे रुसलेल्या जावयासारखा बघत असतो.

मासे या विषयात एम. एस्सी. करणाऱ्या मुलाला स्वतः विकत आणलेल्या माशाची जात सांगता येऊ नये, याची मला मौज वाटते. क्रॉफर्ड मार्केटातल्या माणसाने ‘रंगीत आहे’ एवढेच सांगितले, असे तू म्हणालास. अरे, रंगीत ही काय जात झाली? जात कळल्याशिवाय औषध तरी कशाचे करायचे? सोबत माशाचे चित्र पाठवतो आहे, ते तुझ्या सरांना दाखव. डाव्या बाजूने काढले आहे, खवले नि पर नीट दाखवले आहेत. तीस वर्षे फळ्यावर चित्रे काढलेला हात आहे. सरांना त्यात चूक सापडायची नाही.

आता कोचीनचे. तिथल्या नोकरीला पंधरा एप्रिलच्या आत होकार कळवायचा आहे, हे मी तुझ्या आईला दोनदा सांगितले. दोन वर्षे बोटीवर राहायचे आणि मध्ये रजा नाही, हेही लपवले नाही. ती हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. उठते आणि पेटीसमोर जाऊन बसते. काल एवढेच म्हणाली की, ही जगली तर पुढचं बोलू. तेव्हा बाळा, तुझी नोकरी सध्या एका माशाच्या हनुवटीला टांगलेली आहे. उलट टपाली कळव.

खानावळीचे जेवण सोसत नसेल तर दूध तरी घेत जा. आईचे आशीर्वाद.

तुझा,
कारभारी गुंजाळ

•

मुंबई,
ता. १९ मार्च १९७१

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चित्र पोचले. वसतिगृहातल्या सगळ्यांनी ते हातोहात पाहिले आणि एकाने तर भिंतीला लावायला मागितले. माझी थट्टा केलीत ती कबूल. पण माझा अभ्यास कोळंबीचा. घरात पाळायच्या माशांतले मला तुमच्याइतकेच कळते.

पिंटो सरांनी भिंग लावून चित्र पाहिले. परदेशातून येणाऱ्या शोभेच्या माशांत सिक्लिड नावाचे एक मोठे कूळ आहे. आधी त्यांना तोच संशय होता. पण सिक्लिडला प्रत्येक बाजूला नाकपुडी एकच असते आणि अंगावरची बारीक रेघ मध्येच तुटून खालच्या अंगाने पुन्हा सुरू होते. तुमच्या चित्रात नाकपुड्या दोन आहेत आणि रेघ कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अखंड. म्हणून सरांनी सांगितले की हा सिक्लिड नव्हे, आपल्याच ओढ्यांतल्या एखाद्या पर्च माशाचा भाऊबंद असावा. असल्या माशाला हनुवटीखाली गाठ येणे हा रोग आहे.

उपाय असा. ओल्या फडक्यात तिला अलगद धरा, चिमट्याने तोंड उघडा, आणि पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या पाण्यात बुडवलेला कापूस आतून गाठीला लावा. हे दोनदा करून उतार पडला नाही तर तिला संपवावे, म्हणजे नराला लागण होणार नाही. आईला हे कसे सांगायचे ते तुम्हीच ठरवा. मला तर लिहितानाच कसेसे होते आहे.

कोचीनला जावे असे मला फार वाटते, ते तुम्ही जाणता. पण आईने स्वतःच्या तोंडाने हो म्हटल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही. मी एकुलता एक, तिला दुखवून बोटीवर चढलो तर मला कामात गोडी वाटायची नाही.

दोघांनी प्रकृती सांभाळावी आणि माझ्यावर माया ठेवावी.

आपला आज्ञाधारक,
गोरक्ष

•

संगमनेर
ता. २२ मार्च

चि. गोरक्षा,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लिवतेय. तुजी आई. तिसरीपातूर शिकले हुते तेवढ्यावर लिवतेय, तवा अक्षराला हसू नगंस. आजवर तुज्या वडलांच्या पत्राच्या बुडाला माजे आशीर्वाद गेले. आज त्येंना तुला परत लिवा म्हनलं तर त्ये म्हनले, एकदा लिवलंय ते बरोबर हाय. म्हनून मेरीबाईंकडनं आंतरदेशी मागून आनलं.

चित्र चुकलंय. भीमाला नाकपुडी एकच हाय. ह्या बाजूला एक, त्या बाजूला एक. मी सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढं बसते, मला दिसतंय. अंगावरची रेघबी सरळ न्हाई. वरली रेघ पाठीच्या पराखाली संपते, आन् थोडं खाली उतरून शेपटीकडं दुसरी सुरू व्हते. चित्र काढताना मी हे उभ्या उभ्या सांगितलं. त्ये म्हनले, गोजर, तू जेवढे मासे खाल्ले न्हाईत तेवढे मी काढल्यात. मंग मी गप बसले. तवा गप बसाय नको हुतं.

आनि एक. त्ये ड्यूटीला गेल्ते तवाची गोष्ट. बुधवारी निळ्यानं वाळूत खड्डा केला आन् दोघं त्यात गोल गोल फिरली. खड्ड्यात पिवळ्या मोहरीएवढे दाने पडले हुते. भीमानं त्ये एक एक येचून तोंडात घेतले. गिळले न्हाईत. दुसऱ्या दिवसापून खानं बंद. ह्यांला सांगितलं तर म्हनले कनकेचे गोळे असतील. मी कनीक मळते, मला कनीक वळखू येती. ती गाठ एका जागी ऱ्हात न्हाई. चूळ भरल्यावानी आत हलती.

तुजं पत्र आल्यापून मास्तर चिमटा हुडकत्यात. तो मी तांदळाच्या डब्यात घातलाय. माजा जीव लई घाबरलाय. आपल्या हातानं तिचं काय वाईट झालं तर मी सोताला माफ करनार न्हाई. तुज्या सरांला लवकर इचार. कोचीनचं मागनं बोलू.

तुजी आई
गोजरबाई

•

मुंबई,
ता. २५ मार्च १९७१

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या नावाने मी आज पहिल्यांदा पाकीट लिहितो आहे आणि त्याची मला लाज वाटते. सात वर्षे घराबाहेर आहे, एकदाही सुचले नाही.

तुझे पत्र सकाळी मिळाले. तसाच पळत सरांकडे गेलो. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवले. नाकपुडीपाशी ते खुर्चीतून उठले आणि दाणे वेचल्याचे ऐकून म्हणाले की, आधी तारऑफिस गाठ, बाकीचे मागाहून. ‘तोंड उघडू नये, मासा निरोगी’ अशी तार तुझ्या नावाने केली आहे. ती वेळेवर पोचली असेल अशी आशा आहे.

भीमा सिक्लिडच आहे. तिच्या जातीला इजिप्शियन माऊथब्रूडर म्हणतात. तिचे मूळ नाईल नदीकडचे. ही मादी अंडी घातली की ती तोंडात घेते, पिल्ले बाहेर पडेपर्यंत बारा-पंधरा दिवस काही खात नाही, आणि आतल्या आत अंडी हलवत राहते, म्हणजे ती कुजत नाहीत. तू लिहिलेली चूळ ती हीच. नर निळा आणि मादी फिकट, हेही जुळते. त्याला वेगळा केलास तेही नेमके योग्य केलेस. आई, मी बाबांना तिचे तोंड चिमट्याने उघडायला सांगितले होते. पुस्तके माझ्याजवळ आणि डोळे तुझ्याजवळ, अशी आपली वाटणी झालेली दिसते.

पिल्ले बाहेर आल्यावर धोका वाटला की ती त्यांना पुन्हा तोंडात घेते, एवढे पुस्तकात आहे. किती दिवस घेते आणि मग काय करते, हे सरांनी कधी पाहिलेले नाही. त्यांनी मुद्दाम निरोप दिला आहे की ते तुम्ही बघून कळवा.

कोचीनबद्दल माझे मन तुला उघड सांगतो. मला जायचे आहे. पण तू नको म्हणालीस तर नको असे कळवीन आणि तुझ्यावर कधी रुसणार नाही. पंधरा तारखेपर्यंत वेळ आहे.

बाबांना नमस्कार. त्यांना फार चिडवू नकोस, थोडे माझ्यासाठी ठेव. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
गोरक्ष

•

संगमनेर,
ता. २७ मार्च १९७१

चि. गोरक्ष यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या तारेने आमच्या गल्लीचा निम्मा जीव घेतला. तारवाला दारात येऊन ‘गोजरबाई गुंजाळ’ असे ओरडला. तिच्या नावाने तार म्हणजे श्रीगोंद्याला माहेरी कोणीतरी गेले, असेच आम्ही धरून चाललो. मेरीबाई पदर डोळ्यांना लावूनच आल्या. मी पाकीट फोडले आणि मोठ्याने वाचले. त्यावर तुझी आई शांतपणे म्हणाली की, ते मला ठाऊक आहे, सकाळीच पोरं बाहेर आली.

खरेच आली होती. मी सदतीस मोजली, तिच्या हिशेबाने एक्केचाळीस. यापुढे तिचाच आकडा धरावा.

चित्राबद्दल लिहायला पेन जड होते आहे, पण लिहिलेच पाहिजे. शाळेतल्या तक्त्यावरच्या माशाला दोन नाकपुड्या नि एक रेघ, असे मी तीस वर्षे मुलांना शिकवले. मासा पुढ्यात असताना माझ्या हाताने शिकवलेला मासा काढला. रेघ तुटलेली दिसली तेव्हा वाटले, खवला पडला असेल, आपण जोडून देऊ. मी तिला उगाच गप्प केले. हे तिला तोंडाने सांगितले आहे. ती फक्त हसली आणि चिमटा काढून दिला. तांदळाच्या डब्यातून!

नवे चित्र काढतो आहे. ती शेजारी बसून सांगते आहे आणि मी खोडरबर घेऊन बसलो आहे.

आम्हा दोघांची तुझ्यावर नजर आहे, हे विसरू नकोस.

तुझा,
कारभारी गुंजाळ

•

संगमनेर
ता. ६ एप्रिल

चि. गोरक्षा,
अनेक आशीर्वाद.

तुज्या सरांनी बघून कळवा म्हनलं, तवा बघितलेलं लिवते. त्येंला वाचून दाखव, पन शेवटचं तुज्यापाशी ठेव.

पयले दिवस मी पेटीजवळ नुसती आले तरी भीमा तोंड उघडायची आन् सगळी पोरं धावत आत. माजीच तिला भीती वाटायची ह्येचं वाईट वाटलं. सांजच्याला ती सगळी तोंडात घेऊन तळाला बसायची. असं आठ दिवस. एकदा मेरीबाईंचं मांजर काचेपाशी आलं, तवा डोळ्याचं पातं लवायच्या आत पेटी रिकामी झाली. त्या चाटच पडल्या.

नवव्या दिवशी तिनं तोंड उघडलं न्हाई. पोरं तोंडाशी गेली, तिनं तोंड मिटून बाजू दिली. परत गेली, परत बाजू दिली. मला लई राग आला. मी तिला म्हनले, अगं, एवढे दिस उपाशी ऱ्हाऊन जपलीस आन् आता वळखबी देत न्हाईस? मी दुपारचं जेवन न करता पेटीपाशी बसून ऱ्हायले. एक पोरगं तर मला सारखं तिच्या तोंडाशी घुटमळताना दिसायचं. ते कवा दमतंय ते बघत हुते.

ते दमलं न्हाई. त्येला वाळूत कायतरी खायला घावलं आन् ते तिकडंच ऱ्हायलं. मंग मी भीमाकडं बघितलं. ती अळ्या खात हुती. पोट पाठीला गेलतं बिचारीचं. पोरं आता तिच्या तोंडात मावत न्हाईत गोरक्षा. कोंबली तर मरतील. तिला ते कळलंय आन् मला इतक्या दिसांत कळलं न्हाई.

तू संक्रांतीला कोचीनचं पयल्यांदा बोलला तवापून मी हो म्हनाय घाबरत हुते. मला वाटायचं, हो म्हनलं का तू गेलाच. न्हाई म्हनायची लाज वाटायची. म्हनून मी गप बसले आन् तुजे तीन म्हैने लटकत ठिवले. ते माजं चुकलं.

तू सही कर. ह्यो होकार माज्या हातानं लिवलाय, कुनी सांगून न्हाई. मास्तरांला अजून दाखवलाबी न्हाई.

बोटीवरनं पत्र टाकायला मिळंल तवा टाक, समुद्रात काय काय दिसतं ते सगळं लिव. मला आता वाचायचा सराव झालाय.

हे लिवताना मला रडू येतंय. ते येऊ दे. त्येचा आन् तुज्या सहीचा काई संबंध न्हाई.

तुजी आई
गोजरबाई