पांढऱ्या कणसातले पिवळे दाणे

ती. आईस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी बरा आहे, खोकला गेला, जेवण वेळेवर होतं. ताईचा गुडघा कसा आहे?

तुझं पत्र पोचलं. यंदा तुझ्या पांढऱ्या मक्याच्या कणसांत पिवळे दाणे आले म्हणून तू हरखली आहेस. मी मात्र ते वाचून लगेच हे पत्र लिहायला बसलो.

गेल्या वर्षी सुट्टीला येताना, मी नोकरी करतो त्या प्रयोगाच्या शेतातली दोन पिवळी कणसं मी गुपचूप पिशवीत घातली होती. जनुक बदललेल्या मक्याचा दाणाही कुंपणाबाहेर न्यायचा नाही, असा इथला नियम आहे. फाटकावर लोक रोज "हे विष आहे" म्हणून ओरडतात. साहेब म्हणतात, काही होत नाही. मला तुझ्यापुढे शहाणपण मिरवायचं होतं. तू ती कणसं खाल्ली नाहीस, तर चारचौघांत तुला अडाणी म्हणालो.

मला वाटलं, तू ती फेकून दिली असशील. पण आता तुझ्या पत्रातून कळलं, लेकानं आणलेली म्हणून तू त्यांचं बी राखलंस आणि आपल्या मक्याशेजारीच पेरलंस. वाऱ्यानं पराग उडाले आणि आजीपासून चालत आलेला वाण बाटला. ते विष आहे की नाही, मला खरंच ठाऊक नाही. पण तुला न विचारता ते तुझ्या शेतात मी घातलं.

यंदाचं बी मावशीला देणार म्हणून लिहिलं आहेस, ते देऊ नकोस. साहेबांना मी उद्या सगळं सांगणार आहे, मग नोकरी राहो न राहो.

गेल्या वर्षीचं पांढरं बी डब्यात उरलं असेल, तर तेवढं जप. उरलं नसेल, तर एवढ्यात कळवू नकोस.

तुझा,
अडाणी धाकटा